आपल्या गावाचं उपग्रहचित्र आपणच वाचूया: सातारा-सांगलीतल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आपल्या नेहमीच्या हिशोबात जवळपास एक गुंठा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे बरोबर एक आर. तुमचं शेत ४० आरचं असेल तर या चित्रात त्याचे साधारण ४० चौकोन पडतात. दर पाच दिवसांनी त्या प्रत्येक चौकोनाची नोंद नव्याने होते आणि ती कुणालाही फुकट मिळते. अर्ज लागत नाही, शिफारस लागत नाही, कुणाची ओळखही लागत नाही.

ही सोय असल्याचं आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यातले बरेच जण "ते शास्त्रज्ञांचं काम" म्हणून बाजूला होतात. मला ते पटत नाही. माणमधल्या पाझर तलावात कुठल्या वर्षी किती पाणी होतं, कृष्णाकाठचा पूर कुठपर्यंत आला, टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर उन्हाळी हिरवळ किती वाढली, हे प्रश्न गावाचे आहेत. त्यांची उत्तरं गावातल्याच मुलामुलींना काढता यायला हवीत, आणि ती येतात. दहावीचं गणित आणि थोडी चिकाटी एवढ्यावर काम भागतं.

हे फुकट कसं झालं

पायऱ्यांकडे वळण्याआधी ही हकीकत सांगायलाच हवी, कारण अजूनही पुष्कळांना वाटतं की फुकट मिळणारी वस्तू बहुतेक कामाची नसते.

अमेरिकेचा पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात गेला. आपल्याकडच्या बाहत्तरच्या दुष्काळाचं तेच वर्ष. पुढे १९८४ मध्ये तिथल्या सरकारने लँडसॅटचा कारभार खासगीकरणाच्या वाटेवर नेला आणि एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठांनीही हात आखडते घेतले. नंतर किंमत ६०० डॉलरच्या आसपास उतरली, तरी सगळ्यात जास्त विक्रीच्या २००१ या वर्षात जेमतेम २५ हजार चित्रं गेली. २००८ मध्ये जुना-नवा सगळा साठा मोफत करायचं ठरलं आणि त्यानंतरच्या पहिल्याच वर्षात दहा लाखांहून अधिक चित्रं लोकांनी उतरवून घेतली. उपग्रह तेच होते, चित्रंही तीच होती. मधली किंमत तेवढी गेली होती. युरोपने सेंटिनेल मालिका आखतानाच माहिती खुली ठेवण्याचं धोरण घेतलं, त्यामागे हा अनुभव होताच.

भारताने नियमित वापराचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सोडला. चित्रं हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातून मिळत, पण वापरणारा बहुतेक करून सरकारी खातं किंवा संस्था असे. सामान्य माणसासाठी पहिली खिडकी उघडली ती २००९ मध्ये, इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळाने. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बरीच परवानगीची बंधनं काढली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणात तर स्पष्टच लिहिलं आहे की ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं सर्वांना खुली आणि मोफत मिळावीत. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-४ कॅमेऱ्याचं चित्र ५.८ मीटरचं असतं, म्हणजे ते या मर्यादेत बसतं. एका गुंठ्यात त्याचे तीन चौकोन पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने या धोरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

पायरी १: आधी प्रश्न कागदावर लिहा

नवखा माणूस संकेतस्थळ उघडतो, आपलं घर शोधतो, ते धूसर दिसतं म्हणून हिरमुसतो आणि बंद करतो. घर बघायला गूगलचा नकाशा आहे. त्यावरची बारीक चित्रं खासगी कंपन्यांची असतात. ती डोळ्यांनी बघता येतात, पण त्यामागचे आकडे आपल्या हाती लागत नाहीत, आणि हव्या त्या तारखेचं चित्रही मिळत नाही. सेंटिनेल, लँडसॅट, रिसोर्ससॅट यांचं बळ वेगळं आहे: तीच जागा, तोच कॅमेरा, वर्षानुवर्षं, ठरलेल्या दिवसांनी.

म्हणून प्रश्न 'किती' आणि 'कधी'चा असावा. "आमच्या तलावाचं पाणी एप्रिलअखेर किती हेक्टरवर पसरलेलं असतं?" हा चांगला प्रश्न. "गावात उन्हाळी पीक किती क्षेत्रावर आहे?" हाही चांगला. "माझ्या द्राक्षावर डाउनी रोग आलाय का?" हा या चित्रांना विचारू नका. ते उत्तर बागेत पान उलटून बघितल्यावरच मिळतं.

पहिला विषय म्हणून मी पाणीच सुचवेन. पिकात शंभर भानगडी असतात. तलावाचा काठ मात्र चित्रात स्पष्ट दिसतो आणि चूक झाली तर लगेच कळते. या लेखात उदाहरण घेतलं आहे माण आणि आटपाडीच्या सीमेवरच्या, माणगंगेवरच्या ब्रिटिशकालीन राजेवाडी तलावाचं. तो मोठा आहे आणि दोन्ही जिल्ह्यांना जवळचा आहे. तुमच्या गावचा पाझर तलाव घेतलात तर आणखी बरं, फक्त तो किमान दोन-तीन हेक्टरचा असू द्या. त्याहून लहान पाण्यात काठावरचे अर्धे पाणी, अर्धी जमीन असलेले चौकोनच जास्त होतात आणि हिशोब डगमगतो.

पायरी २: कोणत्या उपग्रहाकडे जायचं

रोजच्या कामाला सेंटिनेल-२ पुरेसा आहे. चित्र १० मीटरचं आणि फेरी पाच दिवसांची. पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, त्यामुळे २०१७ नंतरची वर्षं त्याच्याकडून घ्या.

त्याआधीचं हवं असेल तर लँडसॅट. चौकोन ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. एकेक उपग्रह १६ दिवसांनी परत येतो. सध्या लँडसॅट-८ आणि ९ मिळून आठ दिवसांनी चित्र मिळतं. तुमच्या वडिलांच्या उमेदीतला तलाव बघायचा तर १९८४ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-५ ची चित्रं शोधा. मे २००३ अखेर लँडसॅट-७ च्या एका भागात बिघाड झाला. त्यानंतरच्या त्याच्या चित्रांवर काळे पट्टे असतात, नवख्याने ती सोडून द्यावीत.

आपल्या रिसोर्ससॅट-२ आणि २ए वर तीन कॅमेरे आहेत. एविफ्स ५६ मीटरचा, जिल्ह्याचा एकत्रित अंदाज बघायला चांगला. लिस-३ साडेतेवीस मीटरचा, लिस-४ वर सांगितलाच. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: या कॅमेऱ्यांत निळा पट्टा नाही (पट्टा, इंग्रजीत बँड, म्हणजे एका रंगाच्या प्रकाशाची वेगळी नोंद), त्यामुळे डोळ्याला दिसतं तसं नैसर्गिक रंगाचं चित्र थेट बनत नाही. फाइल उघडल्यावर रंग विचित्र दिसले तर बिघाड समजू नका.

पावसाळ्यातल्या पुरासाठी रडारचे उपग्रह लागतात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर.

पायरी ३: खाती काढा

भारतीय चित्रांसाठी 'भूनिधी', युरोपीय चित्रांसाठी 'कोपर्निकस ब्राउझर', अमेरिकी चित्रांसाठी 'अर्थ एक्सप्लोरर'. तिन्ही ठिकाणी ईमेल देऊन मोफत नोंदणी होते. सुरुवातीला एकच उघडायचं असेल तर कोपर्निकस ब्राउझर घ्या, कारण तिथे चित्र उतरवून न घेताही बघता, मोजता आणि तुलना करता येतं. सुरुवात मोबाइलवर झाली तरी चालेल, पण मोजमापाला लॅपटॉप हवा. मूळ फाइली शेकडो एमबीच्या असतात, तेव्हा गावातल्या इंटरनेटवर त्या रात्री लावून ठेवलेल्या बऱ्या.

भूनिधीवर पैसे मोजून मिळणारी बारीक चित्रंही त्याच यादीत दिसतात. नवख्याने शोधतानाच खुल्या माहितीपुरतं मर्यादित राहावं. खुलं असलेलं चित्र थेट उतरवता येतं.

पायरी ४: पहिलं चित्र

ब्राउझरमध्ये शोधखिडकीत राजेवाडी किंवा म्हसवड टाका. नावाने भलतीकडे गेलात तर नकाशा हाताने सरकवून म्हसवडच्या पूर्वेला या. माहितीसंच म्हणून सेंटिनेल-२ निवडा. त्यात 'एल१सी' आणि 'एल२ए' असे दोन प्रकार दिसतील. एल२ए घ्या. त्यात हवेतल्या धुरळ्याचा आणि बाष्पाचा परिणाम काढून टाकलेला असतो, त्यामुळे दोन तारखांची तुलना रास्त होते.

ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर आणा आणि तारीख निवडा. इथे आपल्या ऋतूंचं भान हवं. जून ते सप्टेंबर या भागात, त्यातही महाबळेश्वर, पाटण, शिराळा पट्ट्यात, स्वच्छ चित्र मिळणं नशिबाचा भाग असतो. नोव्हेंबर ते मे हा आपला हंगाम. राजेवाडीसाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा घ्या आणि २०१९ पासून प्रत्येक वर्षाचं एक चित्र बाजूला काढून ठेवा. २०१८ मध्ये पावसाने दगा दिला होता आणि सरकारने ऑक्टोबरमध्ये दुष्काळ जाहीर केला होता. त्यापुढचा, म्हणजे एप्रिल २०१९ चा तलाव आणि एप्रिल २०२० चा तलाव शेजारीशेजारी ठेवून बघा.

चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तीत साडेपाच तास मिळवा, म्हणजे उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास येतो हे लक्षात येईल. डोंगराच्या पश्चिम उतारावर तेव्हा सावली असते आणि ती गडद सावली पाण्यासारखी दिसू शकते. माणदेशात त्याचा त्रास कमी, कोयनेच्या खोऱ्यात जास्त.

पायरी ५: लाल म्हणजे हिरवं

आता चित्राचा प्रकार 'ट्रू कलर'वरून 'फॉल्स कलर'वर न्या. सगळं शिवार लालेलाल होईल आणि तलाव काळा-निळा दिसेल.

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण त्यावर त्याचं अन्न बनतं. डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड प्रकाश मात्र ते मोठ्या प्रमाणात परत फेकतं. आपल्याला तो दिसत नाही, उपग्रहाला दिसतो. हा न दिसणारा पट्टा चित्रात लाल रंगाने दाखवायची रीत पडली आहे. म्हणून वाळवा, पलूस, कराडचा ऊसपट्टा भडक लाल, जतची उन्हाळी माळरानं राखाडी-निळसर, आणि पाणी काळं, कारण पाणी हा प्रकाश जवळपास सगळा गिळतं. या रंगांची सवय व्हायला एखाद-दुसरी संध्याकाळ द्या. आपल्याला पायाखाली माहीत असलेला भाग बघा: कृष्णेचं पात्र, कोयनेचा शिवसागर, चांदोलीचा वसंतसागर, तासगावच्या बागा. ओळखीची जागा ओळखता आली की अनोळखी जागा वाचायचं धाडस येतं.

पायरी ६: हिरवेपणाचा आकडा

रंग बघून "जास्त लाल, कमी लाल" म्हणणं पुरेसं नाही. त्यासाठी एनडीव्हीआय हा निर्देशांक आहे. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचं आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं, एवढाच तो हिशोब. सेंटिनेल-२ मध्ये इन्फ्रारेड म्हणजे पट्टा क्रमांक ८ आणि लाल म्हणजे पट्टा क्रमांक ४. उत्तर उणे १ ते अधिक १ च्या दरम्यान येतं. पाणी बहुधा उणे बाजूला, उघडी माती ०.१ ते ०.२ च्या आसपास, विरळ पीक ०.३ च्या पुढे, आणि भरलेला ऊस ०.७ च्याही वर जातो. ब्राउझरमध्ये हा निर्देशांक तयार मिळतो, नुसतं निवडायचं.

अडचण पुढे असते, आकड्याचा अर्थ लावताना. सांगली-साताऱ्यात काम करणाऱ्याने निदान तीन गोष्टी पाठ कराव्यात.

द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटली जाते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटणीनंतर काही आठवडे बागेचा एनडीव्हीआय कोसळतो. बाहेरचा माणूस तो आकडा बघून पीक गेलं म्हणेल. तुम्ही म्हणू नका.

उसाचंही तसंच. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की तोडीप्रमाणे एकेक शेत उघडं पडत जातं आणि खोडवा फुटला की आकडा पुन्हा चढतो. एका तारखेचं चित्र घेऊन ऊसक्षेत्र मोजलंत तर तुटलेला ऊस हिशोबातून जाईल. ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल अशी तीन चित्रं एकत्र बघितल्यावरच उसाची ओळख पटते, कारण बाकीची बहुतेक पिकं एवढा काळ शेतात नसतात.

तिसरी गोष्ट शाळूची. काळ्या रानातला शाळू जानेवारीत जोमात असतो, फेब्रुवारीअखेर पिवळा पडतो. जत किंवा माणचं रब्बी बघायचं तर जानेवारीचं चित्र घ्या. मार्चचं घेतलंत तर चांगलं आलेलं पीकही दुष्काळासारखं दिसेल.

पायरी ७: पाणी हेक्टरमध्ये मोजा

सोपी वाट आधी. ब्राउझरमधल्या क्षेत्र मोजायच्या साधनाने फॉल्स कलर चित्रातल्या पाण्याच्या काठाकाठाने बिंदू टाकत जा. वेढा पूर्ण झाला की क्षेत्र समोर येईल. वर्ष, तारीख, हेक्टर असे तीन रकाने वहीत आखा आणि लिहीत चला. पाच-सहा वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमच्याकडे त्या तलावाची उन्हाळी हजेरी तयार झाली.

पक्की वाट क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरची. त्यात सेंटिनेलचे पट्टे क्रमांक ३ आणि ८ उघडा. पट्टा ३ हिरवा आहे. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हिरव्यातून इन्फ्रारेड वजा करून दोघांच्या बेरजेने भागा. याला एनडीडब्ल्यूआय म्हणतात. उत्तर शून्यापेक्षा मोठं असेल तर साधारण पाणी, लहान असेल तर जमीन. पाण्याचे चौकोन मोजा, तेवढे आर झाले. शंभराने भागा, हेक्टर झाले. मोजणीसाठी 'रास्टर लेअर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट' हे साधन आहे, ते चौकोनांची संख्या आणि क्षेत्र दोन्ही देतं. आधी तलावाभोवती चौकट आखून चित्र कापून घ्या, नाहीतर तालुक्यातली सगळी शेततळी आणि सावल्या बेरजेत येतील.

सॉफ्टवेअरने नकाशाचं प्रक्षेपण (प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) विचारलं तर 'यूटीएम झोन ४३ एन' निवडा, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. दोन्ही जिल्हे पूर्णपणे याच झोनमध्ये बसतात.

मूळ फाइली उतरवून घेणाऱ्यांना एक अडखळण हमखास येते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवून ते साठवायची पद्धत सुरू झाली, आणि नव्याने प्रक्रिया केलेल्या जुन्या चित्रांतही ती आली आहे. फाइलीबरोबरच्या माहितीपत्रकात तशी नोंद असेल तर प्रत्येक पट्ट्यातून आधी १००० वजा करा आणि मगच भागाकार करा. हे विसरलं तर २०२१ आणि २०२३ ची तुलना सरळ चुकते, आणि चूक नजरेला दिसतही नाही.

पाण्याच्या निर्देशांकाला दोन गोष्टी फसवतात. गढूळ पाणी इन्फ्रारेड थोडं परत फेकतं, त्यामुळे पहिल्या पावसानंतर तलाव असल्यापेक्षा लहान दिसतो. तेव्हा इन्फ्रारेडऐवजी पट्टा क्रमांक ११ घेऊन तोच हिशोब करा. त्या पट्ट्याचा चौकोन २० मीटरचा आहे एवढं लक्षात ठेवा. दुसरी जलपर्णी. ती वाढली की उपग्रहाला तिथे पीक दिसतं. कुठलाही निर्देशांक यातून वाचवत नाही, काठावर जाऊन बघणं हाच उपाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एप्रिलमध्ये तलाव भरलेला दिसला म्हणजे पाऊस चांगला झाला असं आता आपल्या भागात म्हणता येत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजनांच्या पाण्याने अनेक तलाव भरून घेतले जातात. चित्र पाणी दाखवतं, ते आभाळातून आलं की कृष्णेतून उपसून, हे दाखवत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाच्या नोंदीशेजारी आपल्या महसूल मंडळाचा पाऊस लिहा. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर तो मिळतो. योजनेचं आवर्तन कधी आलं हे गावात विचारून त्याच ओळीत टिपा. जलयुक्त शिवारच्या कामांचा परिणाम मोजायला निघालेल्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे: काम झालेल्या गावाबरोबर, काम न झालेलं शेजारचं गावही मोजा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय बंधाऱ्याला जाईल, किंवा वाईट वर्षात चांगल्या बंधाऱ्यावर ठपका येईल.

पायरी ८: पुराचं चित्र

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत आभाळ गच्च होतं. सेंटिनेल-२ काय, लँडसॅट काय, वरून दिसणार होते ते ढगच.

रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरी मोजतं. ढगातून ते आरपार बघतं आणि रात्रीही काम करतं. सेंटिनेल-१ हा तसा उपग्रह, त्याची चित्रं २०१४ पासून आणि त्याच ब्राउझरमध्ये मिळतात. शांत पाण्यावर लहर पडली की ती पुढे निसटते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पुराआधीचं एक आणि पुरातलं एक अशी दोन चित्रं घ्या. दोन्हींची कक्षा एकच असू द्या, म्हणजे रडारची नजर एकाच बाजूने असते. आधी राखाडी असलेली आणि नंतर काळी झालेली जागा म्हणजे पुराचं पाणी.

हे वाचताना मात्र जपा, कारण या नकाशावर लोकांच्या नुकसानीच्या गोष्टी निघतात. उपग्रह नेमका पूर शिखरावर असताना डोक्यावर येईलच असं नाही. दोन दिवस आधी किंवा नंतर आला तर चित्र तेवढंच सांगेल. शहरात भिंत आणि पाणी यांच्यामध्ये लहर आपटून परत उपग्रहाकडेच जाते, त्यामुळे पाण्यात असलेली गल्ली काळी न दिसता उलट उजळ दिसू शकते. उसातली अडचण आपल्याकडे सगळ्यात मोठी. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. उंच उसाच्या पानांतून ती खाली उतरत नाही, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला ऊस तिला साधा ऊस दिसतो. कृष्णा-वारणाकाठी उसाचंच क्षेत्र जास्त, त्यामुळे असा नकाशा पूर खरा होता त्यापेक्षा कमी दाखवणार हे धरून चाला. असा नकाशा घेऊन कुणी "इथे पाणी नव्हतं" म्हणाला तर हे कारण त्याच्यापुढे ठेवा.

या बाबतीत ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारकडून मला मोठी आशा आहे. इस्रो आणि नासा यांचा तो संयुक्त उपग्रह आहे. त्याच्यावर दोन लहरींचं रडार आहे आणि त्यातली लांब लहर २४ सेंटिमीटरची, पिकाच्या आत बरीच जास्त शिरणारी. बारा दिवसांनी तीच जागा तो पुन्हा बघतो आणि त्याची माहिती खुली ठेवायचं धोरण आहे.

रडारचं चित्र डोंगराळ भागात वाचणं अवघड असतं. पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळल्या. तशा जागा बघायच्या असतील तर पाऊस संपल्यावरचं सेंटिनेल-२ चं चित्र घ्या. हिरव्या उतारावर उघड्या मातीची लांबट पट्टी एनडीव्हीआयमध्ये वेगळी दिसते.

पायरी ९: शिवारात जा

नकाशा झाला की त्यातल्या दहा-पंधरा जागा निवडा. काही तुम्हाला खात्री असलेल्या, काही शंकेच्या. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टाकून तिथे जा, फोटो काढा, पीक लिहा, तारीख लिहा. म्हाताऱ्या माणसांशी बोला. तलाव कुठल्या साली आटला हे त्यांना पक्कं आठवतं आणि लँडसॅटची जुनी चित्रं त्याच्याशी ताडून बघता येतात. पिकाचं नाव उपग्रहापेक्षा शेतकऱ्याकडून घेतलेलं केव्हाही खरं. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तुम्ही स्वतःचं पीक नोंदवत असाल तर ती नोंदही पडताळ्याला धरा.

पडताळ्यात किती जागा बरोबर आल्या आणि किती चुकल्या हे नकाशासोबत लिहून ठेवा. ज्या नकाशावर चूक किती ते लिहिलेलं असतं, त्यावर जास्त विश्वास बसतो.

पायरी १०: कुठे वापरायचं, कुठे नाही

बांधाच्या भांडणात हा नकाशा आणू नका. चित्र जागेवर बसवतानाच काही मीटरची सरक असते आणि चौकोनच दहा मीटरचा. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे आणि तो तसाच राहू द्यावा. महाभूनकाशावरची गटाची रेषा उपग्रहचित्रावर ठेवून "तुझा बांध दोन मीटर आत आलाय" म्हणणं म्हणजे नसती कागाळी. दुसऱ्याच्या शेताचं नाव घालून पिकाचा अंदाज गावभर फिरवणंही टाळा. गावाचं एकूण क्षेत्र दाखवा, गटनिहाय दाखवू नका.

ग्रामसभेत मात्र हा नकाशा जरूर मांडा. गावाच्या विकास आराखड्यात गाळ काढायचं काम कुठल्या तलावाला आधी घ्यायचं, टँकर कुठल्या वाडीला लवकर लागतो, लाभक्षेत्रात पाणी शेवटच्या टोकापर्यंत हिरवळ धरतं का, या चर्चांना पाच वर्षांचे आकडे असले की वजन येतं. भुवनवर २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ या वर्षांचे १:५०,००० प्रमाणावरचे जमीनवापराचे तयार नकाशे आहेत. आपले आकडे त्यांच्याशी जुळतात का तेही बघा. गावाभोवतीचा मूळ नकाशा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे त्याच प्रमाणावरचे नकाशे मोफत उतरवता येतात.

पुढे शिकायची इच्छा असेल तर डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. ते मोफत असतात आणि प्रमाणपत्रही मिळतं. कॉलेजांना त्यांचं केंद्र होता येतं. तुमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाने अजून केंद्र घेतलं नसेल तर प्राध्यापकांकडे हा विषय काढा, विद्यार्थ्यांनी मागितलं की हालचाल लवकर होते. राज्याच्या पातळीवर नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र याच कामासाठी आहे.

नकाशा छापताना खालच्या कोपऱ्यात उपग्रहाचं नाव, चित्राची तारीख, चौकोनाचा आकार, पडताळ्याच्या जागांची संख्या आणि बनवणाऱ्याचं नाव लिहा. सेंटिनेलचं चित्र असेल तर "सुधारित कोपर्निकस सेंटिनेल डेटा" हे शब्द आणि वर्ष टाकणं त्यांच्या अटीनुसार आवश्यक आहे. भारतीय चित्राला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा उल्लेख करा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत द्या, आणि आकड्यांची वही ज्याच्याकडे पुढच्या एप्रिलमध्ये हे काम सोपवणार त्याच्याकडे.